शितातली कणी

वरून गिच्च आणि आत कणी, असा भात माझ्याकडून इतक्यांदा झाला की शेवटी शितं चेपूनच पाहायची ठरवली. उकळत्या पाण्यात तांदूळ टाकायचे आणि दर दोन मिनिटांनी चार दाणे काढायचे. पहिल्या दिवशीचे सगळे दाणे वाया गेले. बशीत काढून ठेवले तरी ते अंगच्या उष्णतेने शिजतच राहिले. दुसऱ्या दिवसापासून काढले की लगेच गार पाण्यात टाकू लागले.

ब्लेडने कापायला गेलं की शित फिसकटायचं. मग दोन काचपट्ट्यांमध्ये दाणा ठेवून चेपला आणि उजेडासमोर धरला. चौथ्या मिनिटाला कडेने अर्धपारदर्शक पट्टा आणि मधे पांढराशुभ्र गाभा. आठव्या मिनिटाला तो गाभा एक बारीक रेघ झाला, बाराव्याला नुसतं टिंब. कणी म्हणतात ती हीच.

मला वाटायचं, आतपर्यंत उष्णता पोचत नसावी. पण एवढ्याशा दाण्याच्या मध्यापर्यंत ती मिनिटभरातच जाते. मागे राहतं ते पाणी. कोरड्या तांदळात पाणी असतं जेमतेम 12 ते 14 टक्के, आणि तेवढ्यात आतला स्टार्च कितीही तापला तरी नीट फुलत नाही.

मग एक मायक्रोस्कोप मागून आणला. तांदळाच्या पिठातले स्टार्चचे कण 3 ते 8 मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कोनदार. खाली-वर पोलरॉइडचे, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या फिल्मचे, तुकडे आडवे-उभे लावले, तर काळ्या अंधारात ते कण चमकू लागले. नीट फोकस केल्यावर एकेकावर बारीक काळी फुलीही दिसली. मी कितीतरी वेळ तेच बघत बसले. ही चमक रेणूंच्या शिस्तशीर रचनेची. पाण्यात तापवलेल्या पिठात मात्र ती विझलेली होती. तांदळाच्या जातीप्रमाणे साधारण 55 ते 79 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ही रचना मोडते, कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांच्यातला थोडा स्टार्च बाहेर झिरपतो. दाण्यांवर चिकट थर बसतो तो त्याचाच. मधली कणी जाईपर्यंत मी आच मोठी ठेवत होते, तेवढ्यात बाहेरचे कण फुटून गिच्च होत होते.

भिजवलेल्या तांदळाचं गुपित भिंगाखाली उलगडलं. अर्ध्या तासात दाण्याला आडवे बारीक तडे जातात आणि पाणी त्यांतून थेट आत शिरतं. असे दाणे माझ्याकडे न भिजवलेल्यांपेक्षा तीन-चार मिनिटं आधी शिजले.

आता टिंबाएवढी कणी उरली की आच बंद करते आणि दहा मिनिटं झाकण उघडत नाही. कडेचं पाणी तेवढ्या वेळात मध्यापर्यंत सरकतं. काल असंच मुरलेलं एक शित काचेत चेपून पाहिलं. मधे टिंब नव्हतं, आणि बाहेरचा दाणा आख्खा होता.