साठ तारा आणि माझा गंधार

युक्रेनमधल्या खार्किवला मेडिकलला होते तेव्हाची, म्हणजे युद्धाच्या आधीची गोष्ट. वर्गमैत्रिणीची आई बांदुरा हे तिकडचं तंतुवाद्य शिकवायची. घरी लहानपणापासून तानपुरा, गाणंही शिकलेली, त्यामुळे हे आपल्याला सहज जमणार अशी माझी समजूत. बाईंनी पहिल्या दिवशी वाजवायला दिलंच नाही. हातात तारा पिळायची किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, आधी सुरात लाव.

वाद्य मांडीवर घेतलं आणि वजनानेच दमले. मानेवर खर्जाच्या जाड तारा, पोटावर बारीक तारा पंख्यासारख्या पसरलेल्या. मोजल्या तर 58! पडदे नाहीत, एक तार, एक स्वर. बारीक तारांच्या दोन रांगा: एकीत सरळ सप्तक, पांढरी पाचचा (G) सा धरून, आणि उरलेले स्वर दुसरीत, पियानोच्या काळ्या पट्ट्यांसारखे.

दोन तास खपून सगळं लावलं. बाईंनी हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. तिसरा स्वर उतरलाय म्हणे. मी हटून बसले. त्यांनी ट्यूनर पुढे ठेवला: सुई जवळजवळ 14 सेंट खाली (पियानोच्या दोन शेजारच्या स्वरांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). मग माझ्या लक्षात आलं. मी तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा, किंचित खालचा गंधार (तोच तिसरा स्वर) लावला होता, आणि तोही प्रत्येक सप्तकात. आजच्या बांदुऱ्यावर कुठल्याही पट्टीत वाजवायचं असतं, म्हणून बारा स्वर सारख्या अंतरावर लावतात. मशीनचा गंधार माझ्या कानाला आठवडाभर चढाच वाटत राहिला.

तिसऱ्या आठवड्यात 40 मिनिटांत लावू लागले. तेवढ्यात थंडी पडली, खोलीतलं हीटिंग सुरू झालं आणि सगळ्या तारा पुन्हा हलल्या. रडायचीच बाकी होते.

बाई तेव्हा चहा पीत कोब्झारांबद्दल बोलत. गावोगाव फिरून 'दुमा' म्हणजे वीरगाथा गाणारे हे गायक, त्यांतले बहुतेक अंध. (कोसॅक या तिकडच्या लढवय्यांच्या लढाया ऐकताना मला पोवाडा आठवायचा, पण दुमेला डफाचा ठेका नाही, ती शब्दांच्या मागे मोकळी चालते.) खार्किवच्याच ह्नात खोत्केविच या इंजिनिअरने 1902 साली तिथल्या पुरातत्त्व परिषदेत अशा अंध वादकांना मंचावर आणलं. 1938 मध्ये सोव्हिएत सरकारने त्यालाच गोळी घातली. हे सांगताना बाईंचा आवाज अगदी सपाट असायचा.

एका रविवारी त्यांनी जुन्या धाटणीचा छोटा बांदुरा काढला. जेमतेम 20 तारा, त्याही गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे लावायच्या. ट्यूनर त्यांनी खणात टाकला.

"याला तुझा गंधार लाव," म्हणाल्या.