तुम्ही विचारलंत म्हणून : ज्यांच्या पैशावर, त्यांच्यावरच देखरेख?

प्रशिक्षणाच्या जेवणाच्या सुट्टीत, नात्यातल्या लग्नांत आणि एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या निवृत्त लेखापालांकडून हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. तुमच्या संस्थेने सरकारी दवाखान्यांवर देखरेख केली आणि त्या कामाचा निधीही सरकारकडूनच घेतला, मग ती देखरेख खरी कशी म्हणायची, असा तो प्रश्न. तो रास्त आहे, आणि इतकी वर्षे मी त्याला देत आले ते उत्तर अर्धेच होते.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले, तेव्हा आरोग्यसेवा गावापर्यंत पोहोचतात की नाही हे गावानेच तपासावे, ही तरतूद त्याच्या आराखड्यातच होती. लोकाधारित देखरेख या नावाने २००७ मध्ये नऊ राज्यांत तिचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्यात होते आणि राज्य पातळीवरच्या समन्वयाचे काम पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होते. पुढे या कामात मी एका डोंगरी तालुक्याची समन्वयक झाले. गावात मी ताई होते आणि आरोग्य केंद्रात मॅडम, आणि मला दोन्हीकडे रोज जायचे होते.

कामाची पद्धत साधी होती. गावातल्या समितीने घरोघरी आणि बैठकीत ठरावीक प्रश्न विचारायचे : नर्सबाई गावात येतात का, लसीकरण ठरल्या दिवशी होते का, बाळंतपणाला पैसे मागितले जातात का, औषधे बाहेरून आणायला लावतात का. उत्तरांवरून गावाचे प्रगतिपत्रक हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत भरायचे, आणि मग जनसुनवाईत, म्हणजे गावकरी आणि अधिकारी समोरासमोर येतात त्या जाहीर सभेत, ते सर्वांसमोर मांडायचे. जनसुनवाईला देशभर ओळख मिळाली ती राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या अखेरीस कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर वाचून दाखवली तेव्हापासून. पण तिथे अधिकाऱ्याने यायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर असे. आमच्या सुनवाईचे पत्र आरोग्य खात्यातूनच निघत असल्यामुळे न येण्याचे कारण त्याला वरिष्ठांना द्यावे लागे. सरकारसोबत काम करण्याचा खरा लाभ मला विचाराल तर हाच आहे : समोरची खुर्ची रिकामी राहत नाही.

एका सुनवाईत एक वयस्कर गृहस्थ शिधापत्रिकेच्या प्लॅस्टिक पिशवीतून घड्या घातलेल्या चिठ्ठ्यांचा जुडगा घेऊन आले. साध्या कागदावर, शिक्क्याशिवाय, बाहेरच्या दुकानातून आणायच्या औषधांची नावे लिहिलेली होती. ‘या आमच्या केंद्राच्याच कशावरून?’ असे विचारले गेले. त्यावर त्यांनी प्रत्येक चिठ्ठीसोबत टाचणीने लावलेला त्याच तारखेचा केसपेपर दाखवला. सभेत कोणी आवाज चढवला नाही. त्याची गरजच उरली नव्हती. पुढच्या आठवड्यात केंद्राच्या दर्शनी भिंतीवर औषधसाठ्याचा फलक लागला आणि तो रोज कोणी लिहायचा हेही इतिवृत्तात नोंदवले गेले. फलक काही महिने नेमाने भरला जाई, नंतर कंटाळा येई, आणि समितीतली कोणीतरी बाई जाऊन खडू हातात देई.

याच केंद्राच्या डॉक्टरांनी नंतर मला बाजूला बोलावले. त्या दिवशी सर्वांसमोर उत्तरे देताना ते घामाघूम झाले होते, म्हणून मला वाटले आता राग निघणार. ते म्हणाले, ‘मॅडम, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे पद रिकामे आहे. मी पत्रे लिहून थकलो. पुढच्या वेळी हे गावाकडून येऊ द्या.’ प्रामाणिक अधिकारीही आतून किती एकटा असतो, हे तोवर माझ्या लक्षात आले नव्हते. मात्र त्यांची मागणी आपण गावाच्या तोंडी घालावी का, यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी गावबैठकीत नुसते विचारले, की रक्त तपासायला कुठे जाता? रक्त तपासायचे तर तालुक्याला जावे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते, हे बायकांनीच सांगितले आणि मुद्दा त्यांच्या नावाने, त्यांच्याच शब्दांत वहीत लिहिला गेला.

इथपर्यंतचे उत्तर मी नेहमी देत असे आणि समोरच्याचे बहुधा समाधानही होई. राहिलेले अर्धे पैशाविषयी आहे.

आमचा निधी ज्या यंत्रणेची आम्ही तपासणी करत होतो तिच्याच टेबलांवरून येत होता. रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणासाठी, म्हणजे कामांचा हिशेब लोकांसोबत तपासण्यासाठी, २०११ मध्ये केंद्र सरकारने जे नियम केले, त्यांत अंकेक्षण करणारा घटक योजना राबवणाऱ्यांपासून स्वतंत्र असावा, असे स्पष्ट म्हटले होते. प्रत्यक्षात ते किती पाळले गेले हा वेगळा विषय, पण निदान कागदावर तरी ती जाण होती. आमच्याकडे हप्ता उशिरा येणे ही नेहमीची गोष्ट होती, आणि त्या काळात कार्यकर्ते पदरचे पैसे घालून गावे फिरत.

मला दबावाचा फोन कधी आला का, असेही लोक विचारतात. कधीच आला नाही. तो यावा लागत नाही. एका वर्षी आमचा खर्चाचा हिशेब ज्या अधिकाऱ्यांच्या सहीसाठी अडला होता, त्यांच्याच कार्यालयाविरुद्धच्या तक्रारी पुढच्या सुनवाईत येणार होत्या. मी समितीला सांगितले की पेरणीचे दिवस आहेत, लोक येणार नाहीत, आपण तारीख पुढे ढकलू. पेरणी चालू होती हे खरे, पण मी तारीख त्यासाठी ढकलली नव्हती. मला कोणी काही सुचवले नव्हते. मी स्वतःच समजून घेतले होते.

समितीतल्या एका बाईंनी तीनदा विचारले, ‘ताई, पेरणी झाली. तारीख कधी?’ तिसऱ्यांदा विचारताना त्यांनी तक्रारींची वही, जी नियमाप्रमाणे गावातच राहत असे, माझ्यासमोर उघडून ठेवली.

सही होण्याआधीच, ठरल्यापेक्षा दीड महिना उशिरा सुनवाई झाली. त्या दिवशीच्या इतिवृत्तात तंत्रज्ञाचे रिकामे पद दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्या क्रमांकावर, समितीच्या आग्रहावरून, सुनवाई लांबल्याची नोंद आहे आणि जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझे नाव आहे.