फलाटावरचे लाल बटण

आज पुणे मेट्रोच्या सिव्हिल कोर्ट स्थानकात गाडीची वाट पाहत असताना भाचीने फलाटावरच्या लाल बटणाकडे बोट दाखवून ते कशासाठी असते, असे विचारले. मी तिला जानेवारी २०२४ मध्ये याच स्थानकात घडलेली घटना सांगितली. धावता धावता ३ वर्षांचा मुलगा रुळांवर पडला, पाठोपाठ त्याची आईही खाली गेली, आणि सुरक्षारक्षकाने प्रसंगावधान राखून तत्काळ ते आपत्कालीन बटण दाबल्यामुळे येणाऱ्या गाड्या स्थानकाच्या अलीकडेच थांबल्या. मायलेक सुखरूप वर आले.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात मात्र २ जानेवारी २००७ रोजी वेस्ली ऑट्री या बांधकाम कामगाराने झटका येऊन रुळांवर पडलेल्या तरुणाला वाचवण्यासाठी, स्वतःच्या दोन लहान मुली फलाटावर असताना, खाली उडी मारली. वर ओढायला वेळ उरला नव्हता, म्हणून रुळांमधल्या खोलगट जागेत त्याने त्या तरुणाला अंगाखाली दाबून धरले. गाडी वरून इतक्या जवळून गेली की तिचे वंगण त्याच्या टोपीला लागले. दोघेही वाचले.

त्या माणसापुढे मी नतमस्तक आहे. तरीही रुळांमध्ये तेवढी जागा सगळीकडे असेलच असे नाही, आणि शिवाय आपल्या मेट्रोच्या माथ्यावर २५ हजार व्होल्टची तार असते. म्हणून कोणी पडलेले दिसताच उडी घेण्याआधी बटण दाबावे, आणि हातातून मोबाइल निसटून खाली पडला तर तो काढण्याचे काम कर्मचाऱ्यांवरच सोपवावे, अशी सर्वांना कळकळीची विनंती आहे.