थाय-हुंग-यान
आज रिचमंडला शेजारच्या हाँगकाँगच्या काकूंसोबत डिमसम खाताना हा कॅन्टोनीज (हाँगकाँगची भाषा) शब्द कळला. अर्थ अंतराळवीर. पण थाय म्हणजे बायको पण होतं आणि हुंग म्हणजे रिकामं, म्हणून १९९७ ला हाँगकाँग चीनकडे जायच्या आधी बायकापोरं इकडे कॅनडात ठेवून स्वतः कामासाठी परत हाँगकाँगला गेलेल्या, सारखं विमानाने ये-जा करणाऱ्या नवऱ्यांना हे नाव पडलं. काकूंचे मिस्टर त्यातलेच, आठ वर्षं! त्याच्याही आधी, कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर तिकडे गेलेले चिनी लोक म्हातारपणी गावी परतले की त्यांना कम-सान-पाक म्हणायचे, सोन्याच्या डोंगरावरचे काका. आणि परदेशात वाढलेली पोरं चुक-सिंग, म्हणजे बांबूची काठी, आतून पेरापेराला बंद, ना इकडची ना तिकडची, हा शब्द मला फार लागला. काकू बोलता बोलता माझ्या कपात चहा ओतत होत्या आणि मला मस्कतला राहिलेले माझे बाबा आठवत होते.