जर्मनीतला आरोग्यविमा : पगार मर्यादेपेक्षा जास्त असूनही मी सार्वजनिक विमा का घेतला

पुण्यातली नोकरी सोडून २०२५ मध्ये मी श्टुटगार्टमधील एका वाहन-सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाले, तेव्हा मनुष्यबळ विभागाने सर्वांत आधी विचारले ते विम्याचे. नोकरदारांसाठी सक्तीचा आजारपण-विमा या देशात बिस्मार्कच्या काळात, १८८३ च्या कायद्याने सुरू झाला आणि २००९ पासून प्रत्येक रहिवाशाला कोणता ना कोणता आरोग्यविमा असणे बंधनकारक आहे. बहुतेक नोकरदारांपुढे सार्वजनिक की खाजगी हा प्रश्नच येत नाही, कारण ठरावीक मर्यादेखाली पगार असला की सार्वजनिक विमा आपोआप लागू होतो. २०२५ साठी ही मर्यादा वर्षाला ७३,८०० युरो होती. माझा पगार तिच्या थोडा वर असल्याने निर्णय माझ्यावर आला.

सार्वजनिक विम्याचा हप्ता वयावर किंवा प्रकृतीवर नव्हे, तर पगारावर ठरतो. मूळ दर १४.६ टक्के असून त्यावर प्रत्येक विमा निधी, म्हणजे क्रांकेनकासे, स्वतःचा जादा दर लावतो. २०२५ साठी या जादा दराची सरासरी २.५ टक्के धरलेली होती. दोन्हींचा निम्मा भार कंपनी उचलते, आणि २०२५ मध्ये महिन्याला ५,५१२.५० युरोंच्या वरच्या पगारावर हप्ता आकारला जात नव्हता. या हिशेबाने माझ्या पगारातून आरोग्यविम्यासाठी दरमहा सुमारे ४७१ युरो जाणार होते; वृद्धापकाळातील शुश्रूषेच्या विम्याची कपात त्याहून वेगळी. एका एजंटने पुढे ठेवलेला खाजगी विम्याचा हप्ता यापेक्षा बराच कमी होता. तज्ज्ञ डॉक्टरांची लवकर भेट आणि रुग्णालयात स्वतंत्र खोली हे त्याचे आकर्षण होते, आणि एकट्या, तिशीतल्या, धडधाकट माणसाला ते पटावे असेच आहे.

परंतु मी एकटी नव्हते. पतीने माझ्याबरोबर येण्यासाठी पुण्यातली नोकरी सोडली होती, त्याला मधुमेह आहे, आणि आम्हाला मूल हवे होते. सार्वजनिक विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुले कौटुंबिक विम्याखाली एकही जादा युरो न भरता समाविष्ट होतात, आणि त्यांच्या जुन्या आजारांबद्दल कोणी विचारत नाही. खाजगी विम्यात मात्र प्रत्येक माणसाची पॉलिसी वेगळी, प्रत्येकाचा हप्ता वेगळा. मधुमेह असलेल्या अर्जदाराला जादा हप्ता लागू शकतो किंवा सरळ नकारही मिळू शकतो. बाळंतपणासाठी तेथे सर्वसाधारणपणे ८ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. बहुतेक वेळा डॉक्टरांचे बिल आधी स्वतः भरून मग परतावा मागावा लागतो, हेही विसरता येत नाही.

एजंटच्या तक्त्यात माझे आजचे वय होते, साठीतले नव्हते. खाजगी विम्याचा हप्ता पुढे वाढत जातो, पगार वाढो अथवा न वाढो, आणि वयाची ५५ वर्षे ओलांडल्यावर सार्वजनिक विम्यात परतण्याची वाट जवळजवळ बंद होते. त्याआधी परतायचे तर सर्वसाधारणपणे पगार मर्यादेखाली यावा लागतो. आपल्याकडून येणारी अनेक मंडळी ‘चार-पाच वर्षांत परत जायचे आहे’ असे धरून स्वस्त हप्ता घेतात. मला मात्र असा निर्णय चाळीस वर्षे टिकेल की नाही, या कसोटीवरच घासून पाहावासा वाटला.

मर्यादेपेक्षा जास्त पगारावर जर्मनीत पहिल्यांदाच नोकरी धरणाऱ्याला सार्वजनिक विम्यात स्वेच्छेने प्रवेश मिळतो, पण त्यासाठी नोकरी सुरू झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत मला एका मराठी सहकाऱ्यांनी सांगितली आणि त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. मी रुजू होण्याआधीच अर्ज भरला, सदस्यत्वाचे प्रमाणपत्र कंपनीकडे गेले आणि फोटो असलेले कार्ड नंतर टपालाने आले. टीके, एओके, बार्मर असे कितीतरी निधी असले तरी बहुतांश लाभ कायद्यानेच ठरलेले आहेत, म्हणून मी फक्त जादा दर आणि इंग्रजीत बोलणारा मदत कक्ष पाहिला. शिवाय १२ महिन्यांनी निधी बदलता येतो. त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मिळायला बरेच थांबावे लागते, हे खरे आहे. अशा वेळी ११६११७ या क्रमांकावरील सेवेची मदत घेता येते.

एक गोष्ट मात्र यातल्या कोणत्याही पर्यायाने सुटली नाही. पुण्यात माझ्या कंपनीच्या सामूहिक मेडिक्लेममध्ये आई-बाबा होते. जर्मनीच्या कौटुंबिक विम्यात आई-वडिलांना जागा नाही. राजीनाम्याबरोबर ते छत्र संपणार होते, म्हणून त्याआधीच मी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्यांच्या स्थलांतराचा अर्ज केला, जेणेकरून जुन्या आजारांसाठी पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ वाया जाऊ नये. ते इकडे येतील तेव्हा शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागेल. त्यात जुन्या आजारांचे नियमित उपचार सहसा धरले जात नाहीत, त्यामुळे बाबांची रक्तदाबाची औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, तिकडूनच आणायची असे आम्ही ठरवले आहे.