तुम्ही विचारलंत म्हणून: काका, चेंबर उघडायला एवढा वेळ का?

"काका, फिल्म झाली. बॅफल बंद करून हवा सोडली की पाच मिनिटांत बेल जार वर. तुम्ही हीटर बंद करून पाऊण तास का बसवून ठेवता?" आमच्या लॅबमधलं हे मशीन हवा काढलेल्या (व्हॅक्युम) चेंबरमध्ये काचपट्टीवर पातळ थर, म्हणजे फिल्म, चढवतं. बेल जार हे चेंबरचं घंटेसारखं झाकण, बॅफल हा चेंबर आणि खालच्या पंपामधला व्हॉल्व्ह, हीटर त्या पंपाचं तेल तापवणारा. दरवर्षी नवी मुलं येतात आणि दिवाळीच्या आत हे विचारतातच. एकाने तर सरांपर्यंत नेलं.

मशीनच्या पुस्तकाप्रमाणे तुमचं बरोबर आहे. डिफ्युजन पंप, म्हणजे तेलाच्या वाफेने हवा ओढणारा तो खालचा पंप, तापलेला असला, तरी रोटरी, म्हणजे दुसरा, फिरता पंप, त्याला मागून ओढत असेल आणि बॅफल घट्ट बंद असेल, तर चेंबरमध्ये हवा घेता येते. सगळी भिस्त त्या 'घट्ट'वर.

२००३ चा पावसाळा. संध्याकाळचे साडेपाच, मला सहाची बस गाठायची होती. आत पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीच्या शेवटच्या सहा काचपट्ट्या. बॅफलचं हँडल फिरवताना शेवटाला जड लागलं, मी बंद झालं असं धरलं. पेनिंग गेज (चेंबरमधला अगदी कमी दाब मोजणारा) बंद केला आणि हवेचा नॉब एकदम मोकळा सोडला. आवाज जारमधून यायचा तो खालून आला, घरघरल्यासारखा. रोटरीच्या हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडातून पांढरा धूर, मागोमाग जळक्या तेलाचा वास. जार उचलला तर सहाही पट्ट्यांवर तपकिरी, तेलकट साय. तिने एक पट्टी चिमट्याने उचलली, ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहिली, परत ठेवली. मला काहीच बोलली नाही.

सरांना मी सांगितलं, "व्हॉल्व्ह गेलाय." लॉगबुकातही तेच लिहिलं. व्हॉल्व्ह धड होता. दुसऱ्या दिवशी खोलून पाहिला, ओ-रिंगवर, त्याच्या रबरी कडीवर, ओरखडाही नव्हता. हँडल पाव फेरा कमी पडलं होतं, माझ्याच हातून. ते काम पुन्हा करायला तिला तो पावसाळा पुरला नाही.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो. म्हणतो, बॅफल बंद केल्यावर दोन मिनिटं चेंबरचा गेज पाहायचा. दाब हळूहळू चढला तर बंद, जागचा हलला नाही तर उघडा. एवढं पुरतं, पाऊण तास कशाला? खरं आहे. पण ती दोन मिनिटं त्याच्याकडे त्या दिवशी नव्हती. पंप गार असता तर त्याच चुकीने तेल जळलं नसतं.

नायट्रोजनबद्दल मात्र मी ऐकणार नाही. पावसाळी हवा आत घेतली की चेंबरच्या भिंती ओल धरतात आणि दुसऱ्या दिवशी व्हॅक्युम रेंगाळतो. हवेऐवजी कोरडा नायट्रोजन सोडायचा, तोही सावकाश. जार सैल झाला की लगेच बंद. जार हलत नसेल तर पट्टीने उचकटू नका. ३०० मिलिमीटरच्या जारवर हवेचा भार ७०० किलोंच्या वर असतो. आणि रोटरी बंद केली की तिच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी हवा द्या, नाहीतर तिचं तेल नळीत चढतं.

गेल्या महिन्यात मी रजेवर असताना एका मुलाने पंप गरम ठेवूनच जार उघडला. लॉगबुकात बॅफल बंद केल्यानंतरचे दाबाचे चार आकडे, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने लिहिलेले. फिल्म स्वच्छ. मी त्याला काही म्हटलं नाही. मी असेन तेव्हा हीटर आधी बंद होईल.