पाणपोईची खुर्ची दुपारी रिकामीच बरी

निवृत्त मंडळींनी उन्हाळ्यात काहीतरी करायचं ठरवलं, की नागपुरात पहिली सूचना पाणपोईची येते. लगेच दुसरी येते, 'आपण आळीपाळीनं बसू.' पहिली सूचना उत्तम आहे. दुसरीनं घात होतो, आणि तो कसा होतो हे कळायला आम्हाला एक उन्हाळा लागला.

साठीनंतर तहान उशिरा कळते आणि घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी 'पाण्याची गोळी', म्हणजे लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर अंगातलं पाणी आणि मीठ आधीच कमी झालेलं असतं. पाणपोईवर बसलेला माणूस दिवसभर दुसऱ्यांना पाणी पाजतो, स्वतः मात्र पीत नाही. जवळ संडास-बाथरूम नसतं हे त्याचं साधं कारण. बाया तर घरून निघतानाच पाणी टाळतात. म्हणून जागा शोधताना आधी बाथरूम पाहायचं, मग सावली, आणि मग गर्दी. ओळखीचं दुकान, मंदिर किंवा समाजभवन शंभर पावलांच्या आत असेल तर अर्धं काम झालं. नळही तिथलाच मिळतो.

सावलीचंही गणित आहे. जागा मार्चमध्ये ठरते. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या इमारतीची सावली दुपारीही मिळते आणि जागा झकास वाटते. नागपूर 21 अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतप्याच्या कडक नऊ दिवसांत, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ती सावली भिंतीत शिरते. त्यानंतर ऊन पश्चिमेकडून येतं. म्हणून पाणपोईच्या पश्चिमेला भिंत हवी, आणि डोक्यावर कडुनिंब किंवा करंज. हिरवी जाळी बांधायची तर रांजणापासून हातभर वर बांधा. खाली बांधली तर वारा अडतो, आणि वारा अडला की रांजण गार होत नाही.

जागा रस्त्यालगत असेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. खाजगी आवारात असेल तर मालकाचं दोन ओळींचं पत्र जवळ ठेवा. हे गुढीपाडव्याआधी उरकलं, तर अक्षय तृतीयेपर्यंत पाणपोईचा जम बसतो.

आता रांजण. घेताना बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे. ऑइलपेंटनं रंगवलेला, नक्षीचा अजिबात नको. रंगानं छिद्रं बुजतात, पाणी पाझरत नाही आणि गारही होत नाही. नवा रांजण एक दिवस पाण्यात भिजवा आणि पहिली दोन भरणं झाडांना घाला, म्हणजे मातीचा वास जातो. तोटी बसवताना दोन्ही बाजूंना रबरी वॉशर लावून हातानंच आवळायची. पाना लावला की रांजण तडकलाच समजा. गळती लागली तर एम-सील चालतं, पण रांजण पूर्ण सुकल्यावरच. ओल्या मातीवर ते धरत नाही, आणि हे दर वर्षी कुणीतरी नव्यानं करून बघतंच.

लोखंडी तिवईवर परातीत ओली वाळू आणि तिच्यावर रांजण. तोटीखाली एक लिटरची बाटली उभी राहील एवढी जागा सोडा, साधारण एक फूट. डिलिव्हरीवाली पोरं, ई-रिक्षावाले, सगळे बाटलीच भरतात. 'काकाजी, बाटली भरू का?' असं विचारणाऱ्याला नाही म्हणू नका. बाटली भरणारा गिलास उष्टा करत नाही. रांजणाला गोणपाट गुंडाळलं तर ते सकाळ-संध्याकाळ ओलं करावं लागतं, कारण कोरडं गोणपाट उलट वारा अडवतं. ते जमणार नसेल तर रांजण गोणपाटाशिवायच बरा.

40 लिटरच्या एका रांजणात 200 मिलीचे 200 गिलास होतात. एकाऐवजी दोन रांजण ठेवा. मातीत पाणी गार व्हायला काही तास लागतात. एकच रांजण असेल तर तो अकराला संपतो, कुणीतरी धावत जाऊन भरतो आणि ऐन दुपारी लोकांना कोमट पाणी मिळतं. दोन्ही सकाळी सातला भरायचे, पहिला दुपारपर्यंत चालवायचा आणि दुसऱ्याच्या तोटीला कापड बांधून ठेवायचं. बाराच्या सुमाराला दुकानातल्या पोरानं कापड सोडलं की झालं. बारा ते चार आमच्यातलं कुणी तिथं नसतं. वर घट्ट झाकण, त्यावर विटेचं वजन, खाली तोटी. पाणपोई आपली आपण चालते.

माणसांचं काम सकाळी 7 ते 9 आणि संध्याकाळी 5 ते 6.30 एवढंच. सकाळी उरलेलं पाणी काढायचं, रांजण आतून नारळाच्या शेंडीनं घासायचा, लागलं तर जाड मीठ घ्यायचं. साबण नको, माती तो पिते आणि मग पाण्याला वास येतो. पाणी पाइपनं भरायचं. भरलेला 20 लिटरचा कॅन 20 किलोचा होतो, साठीपुढच्या माणसानं तो उचलायचाच नाही. पाइप पोचत नसेल तर 5 लिटरचे कॅन आणि जास्त फेऱ्या. कंबर एकदा धरली की तो माणूस अख्ख्या हंगामासाठी गेला.

नागपूरच्या नळाला पेंच आणि कन्हानचं शुद्ध केलेलं पाणी येतं, पण टाकीत साठून आलं की क्लोरीन उतरलेलं असतं. मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध, बाटलीवरच्या मापानं घालून अर्धा तास थांबायचं, मग चाचणीच्या पट्टीवर बघायचं. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. मातीच्या रांजणात ते आणखी भरभर उतरतं, म्हणून कालचं पाणी आज ठेवायचं नाही, कितीही भरलेलं असो.

बर्फ घालायचा मोह आवरा. कारखान्यातला सगळा बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात 2018 मध्ये आला, पण लादी फोडून भुशात गुंडाळून आली की रंग कोण बघतं? सरबतही नको. साखरेला मुंग्या-माश्या लागतात, दुपारपर्यंत आंबतं आणि तोटी चिकट होते. ओआरएसची पाकिटं डब्यात ठेवा, कुणाला गरगरलं तर लिटरभर पाण्यात एक पाकीट घालून द्या. अंग तापलंय आणि माणूस बरळतोय, असं दिसलं तर तोंडात पाणी ओतायचं नाही. सावलीत आडवा करून मान, काखा आणि जांघा ओल्या कापडानं गार करायच्या आणि 108 ला फोन लावायचा.

पाळ्यांचा हिशेब कागदावर सोपा दिसतो. आठवड्याच्या 14 पाळ्या, प्रत्येकी दोन माणसं, म्हणजे 28 हजेऱ्या. एकाला आठवड्यातून दोनदा यायला सांगितलं तर 14 माणसं पुरतात. यादी मात्र 20 जणांची करा, कारण मे महिन्यात अर्धं नागपूर नातवंडांसाठी पुण्याला जातं आणि उरलेलं लग्नांना. गावाला जायच्या तारखा मार्चमध्येच विचारून वहीत लिहा. आम्ही जोडी लावतो ती वाकता येणाऱ्याची आणि न येणाऱ्याची. वाकणारा घासतो, भरतो. गुडघे दुखणारा क्लोरीन बघतो, वही लिहितो, पाइपची तोटी बंद-चालू करतो. नुसतं 'तुम्ही बसा' असं ज्याला सांगितलं जातं, तो पंधरा दिवसांत यायचा थांबतो. वही हाती असलेला माणूस जूनपर्यंत येतो.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी सकाळच्या पाळीला उपाशीपोटी यायचं नाही. गोळी घेतली, नाश्ता राहिला आणि रांजण घासायला लागलं की साखर उतरते. बिस्किटांचा डबा वहीशेजारीच हवा. इन्सुलिन स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, उन्हात ते खराब होतं.

पाखरांसाठी उथळ परळ आणि गाई-कुत्र्यांसाठी टाकं ठेवायचं तर पाणपोईपासून दूर, वाटेच्या दुसऱ्या बाजूला. ते टाकं आठवड्यातून एकदा नुसतं पालथं करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर काठाला चिकटलेली असतात आणि सुकली तरी टिकतात. काठ ब्रशनं खरवडायचा.

जूनच्या मध्यावर हवा दमट झाली की रांजण गार करणं सोडतो. त्याला कुणी दोष देऊ नका, बाहेर ओल असली की पाझरलेलं पाणी उडत नाही. पहिल्या दमदार पावसानंतर पाणपोई बंद करायची. तोट्या काढून वॉशर वेगळे ठेवायचे, रांजण घासून सावलीत आठ दिवस सुकवायचे. बाहेरून पांढरे क्षार धरलेला रांजण पुढच्या वर्षी गार करणार नाही. तो झाडं लावायला देऊन टाकायचा. बाकीचे रांजण दोन विटांवर पालथे ठेवायचे, भिंतीपासून थोडे सुटे.